भुलाबाईच्या खाऊचा डबा

मी एक जुना पितळी डबा आहे आणि सध्या माझा मुक्काम अकोल्यात, दुर्गाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर आहे. मित्रांनो, माझं झाकण घट्ट लागलेलं आहे. ते उघडू नका. आत खाऊ आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. ज्या मुलीसाठी तो भरला, तिने तो ओळखला आणि तरी सांगितला नाही. ती का बोलली नाही, तेच आज सांगणार आहे. जरा रागानेच सांगेन, तेवढं चालवून घ्या. पितळ एकदा तापलं की पटकन निवत नाही.

माझा जन्म अंजनगाव सुर्जीच्या बाजारात, एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला इतकं ठोकलं की अजून माझ्या पोटावर त्याच्या हातोडीच्या खुणा आहेत. आतून कल्हई केली, वर कडी लावली आणि मग झाकण पुन्हा पुन्हा बसवून पाहिलं. गिऱ्हाईकाची अटच तशी होती. गिऱ्हाईक म्हणजे महादेवराव, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, त्यांना बजावून पाठवलं होतं की झाकण असं पाहिजे की आतला वास बाहेर येता कामा नये. वास बाहेर आला तर खेळ खलास.

कोणता खेळ? सांगतो. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात घरोघरी भुलाबाई बसते. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर, दोघेही मातीचे, रंगवलेले. महिनाभर माहेरपणाला आलेल्या असतात बाई, आणि जावईबापू मागोमाग हजर! संध्याकाळ झाली की गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन एका घरून दुसऱ्या घरी जातात, गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. ती डबा हलवते. आवाजावरून मुलींनी ओळखायचं, आत काय खाऊ आहे. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. नाहीच ओळखता आलं तर सगळ्यांनी ‘हरलो’ म्हणायचं, मगच झाकण निघतं. असा माझा धंदा. पोटात ठेवायचं आणि कोणी नाव घेईपर्यंत तोंड मिटून बसायचं.

दुर्गाबाई या खेळात मोठ्या वस्ताद होत्या. फुटाणे ठेवायच्या ते गुळाच्या खड्यांत मिसळून, म्हणजे आवाज भलताच यायचा. बोरकूट, म्हणजे वाळल्या बोरांची पूड, ठेवलं की मी मुका. मुली मला कानाशी लावायच्या, वर-खाली करायच्या, मांडीवर आपटायच्या. माझ्या कडेचा पोचा तेव्हाचाच आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

आणि या सगळ्या मुलींत कान कोणाचा तयार होता? दुर्गाबाईंच्या स्वतःच्या लेकीचा, रागिणीचा. एकदा दुर्गाबाईंनी माझ्या तळाशी जुन्या लुगड्याचं फडकं घातलं आणि त्यावर खारोड्या पसरल्या. खारोड्या म्हणजे बाजरीचं, तीळ-तिखट घालून उन्हात वाळवलेलं वाळवण. खडखडीत वाळलेली वस्तू, पण फडक्यामुळे आवाज दबला. मुलींनी दहा नावं घेतली, सगळी चुकली. तेवढ्यात परकर सावरत रागिणी पुढे आली, तिने मला एकदाच हलवलं आणि ओरडली, “आई, तू फसवून राहिली आमाले! खाली फडकं टाकलं तुनं. खारोड्या होय!”

“चूप बस वं,” दुर्गाबाई हसत म्हणाल्या, “बाकीच्या पोरीयले बी आयकू दे!”

किती हसल्या होत्या सगळ्या त्या दिवशी. मी उघडलो तेव्हा मलाही हलकं वाटलं होतं. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

रागिणी शिकली, हुशार निघाली आणि नोकरीला पुण्याला गेली. जाताना दुर्गाबाईंनी मला चिवडा भरून तिच्याबरोबर दिलं. तिथे तिच्या खोलीत आणखी दोघी राहायच्या. मुली वाईट नव्हत्या, पण त्यांना एक करमणूक सापडली होती. कोणी पाहुणी आली की त्या म्हणायच्या, “रागिणी, ते ‘जेवून राहिली’ म्हणून दाखव ना एकदा.” ती म्हणून दाखवायची. त्या हसायच्या, तीही हसायची, आणि त्या बाहेर गेल्या की आरशासमोर उभी राहून पुटपुटायची, “जेवतेय. येतेय. मला. तुला.” मी खिडकीत बसून ते ऐकत होतो. पुढे पुढे आईचा फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोलायला लागली. तेव्हा मला तिचा राग आला नाही. माझ्या मनात आलं, पोर परक्या गावात आहे, पाण्यात राहायचं तर पोहायला शिकावंच लागतं.

मग पुण्याची खोली सुटली, मी अकोल्याला परत आलो आणि तिचं लग्न झालं. कुलदीप अमरावतीचा, शांत स्वभावाचा. दोघं ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेले. निघताना तिने स्वतःहून मला मागून घेतलं. “आई, हा डबा मले दे. तिकडे भुलाबाई मांडीन,” ती म्हणाली. हो, ‘मले’ म्हणाली. महादेवराव तेव्हा नुकतेच गेले होते आणि रडता रडता माणूस आपल्याच भाषेत बोलतं. दुर्गाबाईंनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि तिच्या बॅगेत ठेवलं. विमानात मी कपड्यांखाली दबून होतो, पण काय सांगू मित्रांनो, माझी छाती फुगली होती. वऱ्हाडाची एक वस्तू सातासमुद्रापार निघाली होती आणि ती मी होतो!

रागिणीने शब्द पाळला. तिने तिथली वऱ्हाडातली कुटुंबं शोधून काढली. कोणी पातूरचं, कोणी चांदूर बाजारचं. सगळ्यांनी मिळून मंडळ काढलं. दर कोजागिरीला हॉल घ्यायचा, भुलाबाई मांडायची, गाणी म्हणायची. गाण्यांतले काही शब्द तिने घासूनपुसून चकचकीत करून घेतले होते, ते मला खटकलं, पण मी सोडून दिलं. स्टेजवर मला मधोमध ठेवायचे. रागिणी माइक घेऊन बोलायची की आपण देश सोडला तरी बोली सोडायची नाही, मुलांशी घरात वऱ्हाडी बोला, नाहीतर ती आपल्याबरोबरच संपेल. टाळ्या पडायच्या. माझे फोटो निघायचे. बायका मला हातात घेऊन डोळे पुसायच्या.

आणि घरी? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! घरी लेकीशी अर्धं इंग्रजी आणि अर्धं बातम्यांमधलं मराठी. ‘मले’ हा शब्द त्या घरात फक्त एका जागी ऐकू यायचा, तो म्हणजे फोनमध्ये.

त्यांची लेक पौर्णिमा. रागिणी आणि कुलदीप दोघंही कामावर, म्हणून शाळेतून आल्यावर दुर्गाबाई तिला अकोल्याहून व्हिडिओवर सांभाळायच्या. सांभाळायच्या म्हणजे काय, तिच्याशी खेळायच्या. फोन ओट्यावर टेकवून त्या एक स्टीलचा डबा हलवायच्या आणि पौर्णिमेने ओळखायचं.

“सांग वं, काय हाय?”

“शेंगदाने!”

“हट. शेंगदाने असे वाजते का? नीट आयक.”

“मंग फुटाने.”

“हां, आता कशी बोलली माही बाई!”

मी शेजारच्या फळीवरून ऐकत असायचो. पोर किती छान बोलायला लागली होती! तिला कोणी शिकवलं नव्हतं, व्याकरण नाही, पुस्तक नाही. खाऊ ओळखता ओळखता ती आजीची भाषा ओळखायला लागली. मी माझ्या मनाशी म्हटलं, चला, इतका लांबचा प्रवास कारणी लागला.

गेल्या वर्षीच्या कोजागिरीची गोष्ट आता सांगतो. त्या वर्षी हॉल मोठा होता. शहरातल्या मोठ्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षीणबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या आणि रागिणी सकाळपासून धास्तावलेली होती. कुलदीपने दुर्गाबाईंना व्हिडिओ लावून दिला आणि फोन माझ्याजवळ, हळदीकुंकवाच्या करंड्याला टेकवून ठेवला, म्हणजे त्यांना अकोल्यात बसून सगळं दिसेल. दुर्गाबाई नवं लुगडं नेसल्या होत्या. घरात एकट्याच होत्या, तरी डोक्यावरून पदर घेतला होता.

गाणी झाली. रागिणीने मला हलवलं आणि मुलांना विचारलं, “ओळखा पाहू, काय आहे?”

“चिप्स!” “कुकीज!” “लेगो!”

पौर्णिमा पुढे आली. तिने मला दोन्ही हातांत घेतलं, कानाशी लावलं, हळूच हलवलं. आणि मग फोनकडे पाहून हसली. हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आजी, आई फसवून राहिली आमाले! खाली फडकं हाय. मी सांगतो, खारोड्या होय!”

मित्रांनो, मी पितळेचा आहे म्हणून, नाहीतर त्या क्षणी रडलो असतो. तेच शब्द! अकोल्यातल्या अंगणातले. खारोड्याही दुर्गाबाईंनीच उन्हाळ्यात पाठवलेल्या होत्या. फोनमध्ये दुर्गाबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते आणि त्यांचे डोळे हसत होते.

हॉलमध्ये मोठा हशा पिकला. पाहुण्या बाईही हसल्या. वाईट मनाने नाही, नवल वाटून त्यांनी विचारलं, “अगंबाई! ही असं बोलायला कुठून शिकली?”

आता रागिणीने फक्त एवढंच सांगायचं होतं की माझ्या आईकडून. दोनच शब्द. आई समोर बसलेली होती, पदर घेऊन. आम्ही तिघंही वाट पाहत होतो, मी, फोन आणि ती पोर.

रागिणीने माइक तोंडाजवळ नेला आणि हसून म्हणाली, “अहो, भारतात गेलो होतो ना, तेव्हा आईकडे कामाला एक बाई होती, तिचं ऐकून उचललंय. आम्ही घरी नाही हं असं बोलत.”

पुन्हा हशा. मी फोनकडे पाहिलं. दुर्गाबाईंचे हात तोंडावरून खाली आले. पदर त्यांनी उगाच आणखी पुढे ओढला. कुलदीपच्या ते लक्षात आलं, तो पटकन पुढे झाला आणि त्याने फोन पालथा घातला. नंतर रागिणीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “कॉल मगाशीच कट झाला होता.” तिने सुटकेचा निःश्वास टाकला. खोटं बोलणाऱ्याला खोटं पटकन पटतं.

गाडीत मी पौर्णिमेच्या मांडीवर होतो. ती माझ्या कडीशी चाळा करत होती. मग तिने विचारलं, “आई, आजीच्या घरी कुठं हाय कामवाली बाई? आजीच तं करते सगळं.”

“पौर्णिमा, नीट बोल,” रागिणी म्हणाली.

तेव्हापासून ती नीट बोलते. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा तिने ‘हॅलो आजी, कशी आहेस?’ असं विचारलं आणि होमवर्क आहे म्हणून सांगितलं. स्टीलचा डबा तिकडे दोन-चारदा वाजला आणि थांबला. काही दिवसांनी तर मी अशी गोष्ट ऐकली की माझा जीव कळवळला. दुर्गाबाई फोनवर जुळवून जुळवून, शाळेच्या पुस्तकातला धडा वाचावा तसं बोलत होत्या, “बाळा, तू जेवण केलेस का? तू शाळेत गेली होतीस का?” नातीला आपली लाज वाटू नये म्हणून त्या म्हातारीने स्वतःची भाषा बदलायला घेतली होती! तिला ते जमत नव्हतं. मध्येच ‘तुले’ यायचं आणि ती थांबायची.

रागिणी, तू मला तिकडे कशाला नेलंस? शोभेला? हा प्रश्न मी तिला रोज विचारायचो. पण डब्याला कोण ऐकतं? मंडळाच्या कामात ती रोज मला पुसायची, फुलं वाहायची. मी चकचकीत होतो. इतका चकचकीत मी तांबटाच्या दुकानातही नव्हतो.

या वर्षी भुलाबाईच्या दिवसांतच पौर्णिमेच्या शाळेला सुट्टी होती आणि तिघंही अकोल्याला यायला निघाले. दुर्गाबाईंनी फोनवर एकच निरोप दिला, “येतानी डबा घेऊन येजो.” रागिणीला वाटलं, कल्हई करून देणार असेल आई. कोजागिरीच्या आधी ती मला परत नेणारच होती.

दुर्गाबाईंनी मला घरात घेतलं ते दोन्ही हातांनी. कल्हई करून आणली. लेकीला, जावयाला, नातीला रोज नवं करून घातलं. मागच्या कोजागिरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. संध्याकाळी गल्लीतल्या दोन-तीन मुली आल्या, कारण आता तेवढ्याच उरल्या आहेत. पौर्णिमा दाराआड उभी राहून पाहत होती. त्यांनी बोलावलं तर गेली नाही.

निघायच्या सकाळी रागिणीने मला ओढणीत गुंडाळलं आणि बॅगेत ठेवायला घेतलं.

“तो खाली ठीव,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“अगं आई, कोजागिरीला कार्यक्रम आहे. लागेल ना.”

“कामवाल्या बाईचा डबा कायले पायजे तुले स्टेजवर?”

त्या ओरडल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, इतक्या साध्या आवाजात बोलल्या. रागिणीचे हात तिथेच थांबले. तिने कुलदीपकडे पाहिलं आणि कुलदीपने बॅगेच्या चेनकडे. मग ती खाली बसली.

“आई, मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“मंग कसं म्हनायचं होतं? सांग. माह्यासंग तं आपल्या बोलीत सांग.”

रागिणीने तोंड उघडलं. मी तिला लहानपणापासून ओळखतो, तिच्या ओठांवर काहीतरी येत होतं. पण पुण्याच्या त्या आरशासमोर तिने जे पुसून टाकलं होतं, ते स्टेजवर गाण्यात येत होतं, बोलण्यात येईना. शेवटी ती नुसती रडायला लागली. दुर्गाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आईच ती, हात फिरवणारच. पण मला मात्र त्यांनी तिच्या मांडीवरून उचलून घेतलं.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मला भरलं. तळाशी लुगड्याचं फडकं घातलं, झाकण लावलं आणि बाहेर येऊन पौर्णिमेच्या हातात दिलं.

“सांग वं माय. काय हाय?”

पौर्णिमेने मला कानाशी लावलं. एकदा हलवलं. तिचा कान माझ्या पत्र्याला टेकला होता, म्हणून मला कळलं की तिला कळलं. तिचे ओठ हलले. मग तिने मान वळवून आईकडे पाहिलं.

“सांग ना बाळा,” रागिणी डोळे पुसत म्हणाली. “सांग, तुला हवं तसं बोल. मी काही म्हणणार नाही.”

पोर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली. तीच आई, तोच डबा, तोच खेळ. एकदा हात पोळला की मूल चुलीजवळ जात नाही, मग आई कितीही म्हणो की विस्तव विझला.

“मला माहीत नाही,” पौर्णिमा म्हणाली. अगदी नीट, स्वच्छ मराठीत.

“मंग हरली म्हन, म्हंजे उघडतो मी,” दुर्गाबाई म्हणाल्या.

पौर्णिमेने मान हलवली. हरले असंही ती म्हणाली नाही. तिने मला आजीच्या हातात परत दिलं आणि नागपूरच्या विमानतळाकडे जायला बाहेर उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसली.

नियम तो नियम. म्हणून मी अजून बंद आहे. शेजारची गोदाबाई परवा म्हणाली, “उघडून खाऊन टाका ना वं दुर्गाबाई, खराब होईन.” दुर्गाबाईंनी मला पदराने पुसलं आणि परत फळीवर ठेवलं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला जपू नका. माझ्यासारखे डबे बाजारात मिळतात आणि पितळ चिंचेने घासलं की चमकतं. पण तुमच्या घरात कोणी मूल आजीच्या बोलीत चारचौघांत बोललं आणि लोक हसले, तर त्या वेळी त्याच्या बाजूला उभे राहा. ही माझी आई आहे, ही तिची भाषा आहे आणि ही माझीही आहे, एवढं त्याच वेळी मोठ्याने सांगा. गाडीत बसल्यावर सांगून उपयोग नाही, आणि वर्षभराने तर नाहीच.

पौर्णिमेचा फोन रविवारी येतो. दुर्गाबाई मला खाली काढतात, फोनसमोर धरतात आणि हलवतात. तिकडून अजून उत्तर आलेलं नाही, पण परवा तिने फोन कानाजवळ नेला होता, एवढं मी पाहिलं. आत खारोड्या आहेत आणि ते तिला ठाऊक आहे. कडक उन्हात वाळवलेल्या आहेत, बरेच दिवस टिकतात. पण कायम टिकत नाहीत.